दादाच्या भिंतीवरची झाडं

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेथीची जुडी निवडत उभी होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. अश्विनी माझ्या मोठ्या भावाची मुलगी, ठाण्यात असते. "आत्या, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसं रडतात, मटकन खाली बसतात. मी विचारलं, "घरात कोण होतं?" मग ती म्हणाली, "आई होती. खुर्चीत बसलेले, चहा घेतला आणि मान टाकली." तरी माझं समाधान झालं नाही. चहा कोणी केला, डॉक्टर किती वाजता आले, मला इतक्या उशिरा का कळवलं... कल्याणच्या रिक्षात बसल्यावरही डोक्यात हेच चाललेलं. दादाशी मी चौदा महिने बोलले नव्हते, आणि तो गेल्याची बातमी मी ही अशी, पोलिसासारखी घेतली. आज सात आठवड्यांनी हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहिण्यात अर्थ नाही. संशय आमच्या रक्तातच आहे, आणि त्याचे धडे मला दादानेच दिलेले.

कल्याण पश्चिमेला त्याचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जिन्यात चपलांचा ढीग. आत दादाला हॉलच्या मधोमध ठेवलेलं, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर ती सगळी झाडं नेहमीसारखी टांगलेली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "रेखा, आलीस का? झाडांना हात नको लावूस हं." शेजारच्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, दादा गेला तरी या बाईने मनातला राग सोडला नाही. त्या क्षणी मला वहिनींचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल.

आम्ही कल्याणजवळच्या मोहन्याचे. वडील रेयॉनच्या फॅक्टरीत होते, पुढे दादाही तिथेच प्रयोगशाळेत लागला. मदतनीस म्हणून शिरला आणि शेवटी पाणी तपासायचं सगळं काम त्याच्याकडे आलं. पाण्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचं नेहमीचं वाक्य. ते त्याने पाण्यापुरतं ठेवलं नाही. दुधाची पिशवी उघडली की आधी वास घ्यायचा. गॅसचं बटण तीनदा बघायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा दादा कोणालाही न सांगता ठाण्याला गेला आणि मुलाच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर तीन दिवस बसून आला. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "माणूस बरा आहे. कोणाशी वरच्या आवाजात बोलत नाही. फक्त चहा अर्धा टाकून उठतो, तेवढं बघ." माझ्या नवऱ्याला ही गोष्ट लग्नानंतर बारा वर्षांनी कळली. त्या दिवसापासून त्याने दादासमोर कधी चहा टाकला नाही. असा माझा भाऊ. संशय घ्यायचा, पण ज्याच्यावर जीव असेल त्याच्यासाठी घ्यायचा.

मंगलवहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना झाडांचं भारी वेड. पण गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडायचं, मातीचे डाग पडायचे. त्यावरून एकदा चांगलंच वाजलं आणि दादाने चिडून सगळ्या कुंड्या देऊन टाकल्या. वहिनी महिनाभर गॅलरीत गेल्या नाहीत. मग अश्विनीने कुठल्याशा प्रदर्शनातून एक एअर प्लांट आणला. तळहातावर मावेल एवढा, अननसाच्या शेंड्यासारखा दिसणारा, राखाडी हिरवा झुपका. ना माती, ना कुंडी. दादाने तो चष्मा वर करून उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मातीच नाही तर हे खातं काय? फसवलंय तुला." आठवडाभर त्याने ते झाड टेबलावर एकटं ठेवलं, एखाद्या नमुन्यासारखं. झाड काही मेलं नाही. तेव्हा याने वाचायला घेतलं, लोकांना विचारलं, आणि मग एक दिवस मला समजावून सांगितलं की ही झाडं पानांनीच पाणी पितात, मुळं फक्त धरून राहायला असतात, जंगलात ती दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसलेली असतात. सांगताना त्याचा चेहरा नोकरीला नुकत्याच लागलेल्या माणसासारखा झालेला.

वर्षभरात भिंत भरली. आम्ही तिघं एकदा खडवलीला नदीवर गेलेलो, तिथून दादाने वाहून आलेली वाळकी लाकडं गोणीभर आणली, धुतली, उन्हात महिनाभर वाळवली. त्यांवर आणि फॅक्टरीतून कधीतरी आणलेल्या, धागा गुंडाळायच्या जुन्या बॉबिनांवर त्याने झाडं बसवली. बांधायला मासे पकडायची नायलॉनची दोरी. सुरुवातीला त्याने तांब्याची तार वापरली आणि दोन झाडं गेली. तांबं त्यांना विषासारखं असतं हे कळल्यावर त्याने घरातली तांब्याची तार भंगारात दिली. सरळ ऊन नको म्हणून खिडकीला पांढरा पातळ पडदा लावला. दर रविवारी सकाळी, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याच्या टबात सगळी झाडं अर्धा तास बुडवायची, मग एकेक काढून उलटं धरून झटकायचं, आणि वर्तमानपत्रावर पालथी घालून पंख्याखाली पार कोरडी करायची. "पाणी कमी पडलं तर ही महिनाभर तग धरतील," तो म्हणायचा, "पण बुडख्यात पाणी राहिलं तर आठवडा नाही काढणार. आतून कुजतात. बाहेरून हिरवीच दिसतात, हात लावला की पानं हातात येतात."

वहिनींनी झाडांना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं दिली होती. कुरळ्या पानांचा मोठा तो गायकवाड, मधूनच लाल होणारी ती शेख, दाढीसारखा खाली लोंबणारा म्हात्रे. झाडं भिंतीवर परत लागली की त्या हजेरी घ्यायच्या आणि दादा गंभीरपणे प्रत्येकाच्या वतीने "हजर" म्हणायचा. बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. मी बुधवारी कल्याणला बाजाराला गेले की त्यांच्याकडे चक्कर टाकायचे. दोघं घरी नसली तरी मला जाता यावं म्हणून दादाने आपणहून एक चावी मला दिलेली. त्याच्यासारख्या माणसाने चावी देणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायचे.

मग झाडं कुजायला लागली. आधी एक. मग एका बुधवारी मी गेले तर वहिनी सोफ्यावर बसलेल्या, मांडीवर तीन झाडं, बुडखे काळे पडलेले, पानं गळून साडीवर सांडलेली. दादा खिडकीपाशी उभा. मी म्हटलं, "अगं बाई, हे काय झालं?" वहिनी स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मला वाटतं, माझ्याकडूनच..." आणि दादाने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. तो वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "रेखा, आम्ही नसताना तू येतेस, झाडांवर पाणी मारतेस. खरं की नाही?" मी म्हटलं, "मी कधी पाण्याला हातही लावला नाही." तो म्हणाला, "मग कोण लावतं? चावी तुझ्याकडेच आहे." मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि तेच मला जास्त लागलं. "चावी ठेव टेबलावर," दादा म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी चावी ठेवली आणि जिना उतरले. बाजाराची पिशवी तिथेच राहिली, ती आणायलाही मी परत गेले नाही.

त्यानंतरचे चौदा महिने मी फक्त संशय घेतला, दुसरं काही केलं नाही. झाडांसाठी सख्ख्या बहिणीला कोणी घराबाहेर काढत नाही, म्हणजे कारण वेगळं असणार. वहिनींनी कान भरले असतील. घरात काहीतरी असं आहे जे मला दिसायला नकोय. की दादाचंच डोकं फिरायला लागलंय? त्याचा एकदा फोन आला. माझ्या नातवाचा वाढदिवस होता. मी फोन वाजू दिला. तो पुन्हा आला नाही. मग एक दिवस अश्विनी म्हणाली, "आत्या, तुला काही माहीत आहे का? आई म्हणते, बाबा दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी माझ्याकडे येतात. ते वर्षभरात एकदाही आलेले नाहीत." मी तिला म्हटलं, आईचा काही घोटाळा झाला असेल. पण मनात म्हटलं, सापडला. दुसरी बाई, नाहीतर लपवलेला आजार, नाहीतर घर विकायचं चाललंय. तसा पुढचा गुरुवार आला तेव्हा मी ठाण्याला जाऊन स्टेशनबाहेरच्या बसस्टॉपवर उभी राहिले. त्याने माझ्या नवऱ्यासाठी जे केलं तेच मी त्याच्यासाठी करत होते... फक्त माझ्या मनात त्याच्यासारखी काळजी नव्हती. दोनच्या सुमाराला तो दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात बुटांचा खोका, झाकणाला दोरी बांधलेली. खोका त्याने असा धरलेला की आत जिवंत काहीतरी असावं. रिक्षात बसला आणि गेला. मी मागे गेले नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आज वाटतं, त्या दिवशी हाक मारली असती तर... पण मी मारली नाही. दादाला जिवंत बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

तो गेल्यावर अश्विनीने मला वहिनींजवळ राहायला सांगितलं. तिला मुलाच्या परीक्षेमुळे जा-ये करावी लागणार होती. मी राहिले, पण खरं सांगायचं तर बघायला राहिले. काय लपवलंय ते मला शोधायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला वहिनींनी टब भरला आणि सगळी झाडं बुडवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "रविवार ना आज." मंगळवार होता. अकराला त्यांनी पुन्हा टब भरला. "रविवार आहे, झाडं राहिलीत." चार वाजता पुन्हा तेच. मी दारात उभी राहून बघत होते. त्या गुणगुणत होत्या, एकेक झाड हळुवारपणे पाण्यात ठेवत होत्या, आणि सकाळी दोनदा हेच केल्याची कसलीच खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. चौदा महिन्यांपूर्वीचं ते अर्धं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं. "मला वाटतं, माझ्याकडूनच..."

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी सतरंज्या काढायला मी माळ्यावर चढले, तर मागच्या बाजूला बुटांचे चार खोके रचून ठेवलेले. झाकणांना भोकं पाडलेली. मी ते तिथेच, शिडीवर उभ्यानेच उघडले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या, आणि प्रत्येक पुडीत एक वाळून गेलेलं झाड. वर दादाच्या बारीक, सरळ, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर असायच्या तशा अक्षरात नाव. गायकवाड. शेख. गायकवाड. म्हात्रे. शेख. गायकवाड... एकट्या गायकवाडच्या मी नऊ पुड्या मोजल्या. भिंतीवर मात्र गायकवाड होता, हिरवागार, आपल्या बॉबिनवर बसलेला. मी कागदांवरच्या तारखा बघितल्या. वर्तमानपत्राला तारीख असते, दादा ते कसं विसरला कोण जाणे. सगळ्यात जुना कागद त्याने माझ्याकडून चावी घेतली त्याच्या पाच महिने आधीचा होता.

अश्विनीला मी बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी एक खोका घेऊन ठाण्याला गेलो. दोन रोपवाटिकांनी माना हलवल्या. खाडीकडच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या ठिकाणी, हिरव्या जाळीखाली एक पन्नाशीच्या बाई रोपांना पाणी घालत होत्या. खोका बघूनच म्हणाल्या, "काका नाही आले?" आम्ही सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. मग म्हणाल्या, "पट्टी घेऊन यायचे. गेलेलं झाड खोक्यात आणायचे आणि म्हणायचे, याच्याएवढंच पाहिजे, एक पान जास्त नको. मी एकदा म्हटलं, काका, मोठं घेऊन जा ना, त्याच किमतीत देते. तर म्हणाले, नको, तिला कळेल." अश्विनीने विचारलं, "केव्हापासून यायचे?" "दोन वर्षं होत आली. मी विचारलेलं, इतकी कशी मरतात तुमच्याकडे? तर हसले. म्हणाले, मरत नाहीत हो. आमच्याकडे एकही झाड मेलेलं नाही अजून."

परतताना अश्विनी रिक्षात रडत होती. मी रडले नाही, मला संताप आला होता. म्हणजे दादाला माहीत होतं. त्या बुधवारी माझ्याकडे वळला तेव्हा त्याला पक्कं माहीत होतं की पाणी कोण घालतंय. वहिनींच्या तोंडी सत्य येत होतं, ते त्याला परत आत ढकलायचं होतं, आणि हाताशी मी होते. वर चावीही हवी होती, कारण दर बुधवारी येत राहिले असते तर मी आज ना उद्या वहिनींचं विसरणं ओळखलं असतंच. मी तसं बोलून दाखवलं. अश्विनी म्हणाली, "आत्या, त्यांनी मलाही नाही सांगितलं. पोटच्या मुलीला." मी म्हटलं, "तुला चोर नाही ठरवलं." तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुला ठरवलं, कारण तू परत येशील असं त्यांना वाटलं असेल." फोन त्याने केला होता. मीच उचलला नव्हता.

दादा चुकला, हे मी इथे लिहून ठेवते. वहिनींना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, अगोदर आणायला हवं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुधाचा वास घेतला, त्याने बायकोच्या बाबतीत डोळे मिटून घेतले. की मिटले नव्हते? अजूनही मला खात्रीने सांगता येत नाही. कधी वाटतं तो घाबरला. कधी वाटतं, शिक्षिका म्हणून जगलेल्या बाईला 'तुझं चुकलं' हे वाक्य ऐकवायचं नाही, एवढं एकच त्याने ठरवलं आणि बाकी सगळं, मीसुद्धा, त्याच्या खाली आलं. मी त्याला पूर्ण माफ केलंय असं म्हणणार नाही. पण आता मी त्याच्या घरी राहते. माझा नवरा शनिवार-रविवार येतो. वहिनींनी झाडं बुडवली की त्या स्वयंपाकघरात गेल्याबरोबर मी ती बाहेर काढते, झटकते, पंख्याखाली धरते. दिवसातून तीनदा झालं तर तीनदा. पुष्कळशी झाडं तगली आहेत. सगळी नाही.

गेल्या आठवड्यात मी बँकेत गेले होते आणि यायला उशीर झाला. आले तर वहिनी सोफ्यावर, मांडीवर लाल पानांची ती शेख, बुडखा काळा पडलेला. त्यांच्या बोटांना पानं चिकटलेली. त्या बोटांकडे बघत होत्या, अगदी त्या बुधवारसारख्या. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि त्या काय म्हणणार ते मला कळलं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"माझ्याकडून पाणी जास्त झालं, वहिनी," मी म्हटलं. "सकाळी घातलं ते निथळलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर परत तेच, सुटल्यासारखं. या वेळी मला ते लागलं नाही. मग त्यांनी दाराकडे एक नजर टाकली, माझ्या हातावर ओला हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस. उगीच तुला बोलतील. मागे एकदा बोलले होते ना... मला फार वाईट वाटलेलं. मी सांगेन, माझ्याच हातून झालं म्हणून."

मी बरं म्हटलं.